कूक आणि ओ

"तिथं मी कूक घातली तर ओ कोण देणार?"

मुंबईला चला म्हटलं की बाबांचं हे ठरलेलं उत्तर. दादानं मोठ्या डॉक्टरांचं नाव काढलं तरी हेच, चोवीस तास पाण्याचं काढलं तरी हेच. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कॉलेज संपल्यापासून मुंबईत नोकरीला. मी रत्नागिरीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आणि बाबा, आई गेल्यापासून एकटेच, जयगडचा रस्ता सोडून खाडीच्या बाजूला खाली उतरलं की लागते त्या आमच्या वाडीत, कलमांच्या बागेला टेकलेल्या घरात. माझी तिथे आठवड्याला एक फेरी असायची. बाबांच्या मते ती एक फेरीसुद्धा जास्त होती, कारण मी आले की स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायची.

बाहेरच्या माणसाला कूक समजावून सांगावी लागते. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून नसतात. मधे कुणाची बाग, कुणाच्या हद्दीचा दगडी गडगा, कुठे पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. नुसत्या हाकेनं भागत नाही, शब्द वाटेत विरतात. म्हणून तोंडाशी हात धरून लांब ‘कूऽऽ’ करायचं. त्यातही प्रत्येक घराची चाल निराळी. आमची आधी लांब, मग दोन तुटक, मग पुन्हा लांब आणि शेवटाला वर चढणारी. आमच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या काकीची सुरुवातच तुटक, भांडायला आल्यासारखी. कुणी शिकवत नाही, सून घरात आली की महिन्याभरात त्या घरची कूक तिच्या तोंडात बसते. आणि कूक कानावर पडली की ओ द्यायची. काम असो नसो, पटत असो नसो. गडग्याच्या वादात कोर्टाची पायरी चढलेली दोन घरं आमच्या वाडीत आहेत. तीही एकमेकांच्या कुकेला ओ द्यायची आणि मग तोंड फिरवायची.

आता घरोघरी मोबाइल आहेत. पण आमच्या उतारावर रेंज मिळते ती फक्त काकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीच्या उजव्या हाताला. डाव्या हाताला नाही. त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांच्या सगळ्या भानगडी काकीला तोंडपाठ आहेत.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना रत्नागिरीला हॉस्पिटलमध्ये काकीनंच आणलं होतं, तिच्या भाच्याच्या गाडीतून. शस्त्रक्रिया झाली, बाबा बरे झाले, पुन्हा बागेत जायला लागले. फक्त त्यांची कूक गेली. म्हणजे घालायचे, पण शेवटचा चढ चढायचाच नाही. वारा बरा असला तर कशीबशी काकीच्या परसापर्यंत पोचायची. काकी ऐकून पुढे द्यायची. वारा फिरला की संपलंच. कलमाखाली एकटा माणूस, छाती अशी, आणि हाक घराच्या कोपऱ्यापर्यंतही जात नाही. हे मला भर वर्गात शिकवताना आठवायचं आणि वाक्य तुटायचं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. बाग कराराने द्यायची आणि बाबांनी मुंबईला यायचं. दादा चुकत नव्हता. मला त्याचा राग यायचा तो त्यामुळेच.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. एरवी ते सांगताना मी चिडते, कारण ऐकणारा दुसऱ्याच वाक्याला "म्हणजे मोबाइलचं काहीतरी" म्हणतो. माझं काम असं. एकाच हवेतून, एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी अनेक यंत्रं बोलत असतात. त्यांचं बोलणं वेगळं कसं करायचं? एक मार्ग पाळी लावायचा, आधी तू मग मी. दुसरा मार्ग असा, की सगळ्यांना एकदम बोलू द्यायचं, पण प्रत्येकाला एक स्वतःची चाल द्यायची. अधिक आणि उणे यांची एक लांबलचक माळ. यंत्राला काहीही सांगायचं असलं तरी ते त्या माळेतूनच सांगतं. ऐकणाऱ्या यंत्राकडे ती माळ आधीच असते. ते हवेतला सगळा कालवा घेतं, त्यावर ती माळ सरकवत नेतं, आणि जिथे ती जुळते तिथे बेरीज एकदम वर उठते. बाकीच्यांच्या माळा एकमेकींना मारून जवळपास शून्य होतात. ह्या माळांना स्प्रेडिंग कोड म्हणतात. त्या कशा निवडायच्या, म्हणजे कितीही मिसळल्या, मागेपुढे सरकल्या, तरी एकीला दुसरी समजण्याची चूक होणार नाही, हा माझा विषय. त्यात मी पीएचडी केली आहे. बाबा गावात सांगायचे, "मुलगी रेडिओत आहे." लोक मला गाणी लावायला सांगायचे.

कूक आणि कोड यांचा संबंध माझ्या लक्षात कसा आला नाही, असं दादा पुढे मला म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंही वर म्हणाला. खरं सांगायचं तर संबंध मला पहिल्यापासून दिसत होता, पण प्रबंधात कूक लिहायची म्हणजे मार्गदर्शकांनी मला घरी पाठवलं असतं.

तर मी दादाला म्हटलं, बाबांच्या गळ्यात मी एक बटण अडकवते. दाबलं की काकीच्या पडवीतली पेटी ऐकेल आणि तिथल्या रेंजवरून मला आणि तुला फोनवर निरोप येईल. आणि एकट्या बाबांनाच कशाला? वाडीतल्या सातही घरांत आता म्हातारी माणसंच उरली आहेत, तरणे सगळे मुंबईत. सातही घरांना देते. सगळ्यांनी एकदम दाबलं तरी कोण कोण ते वेगवेगळं कळेल.

दादा म्हणाला, "आंबा उतरेपर्यंत बघतो. तुझं यंत्र चाललं तर बाबा राहतील. नाही चाललं तर मी येऊन घेऊन जाणार, आणि तू मधे बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. जीव टांगणीला लागला माझा, पण हो म्हटलं.

शिमग्याला दादा गावी आला. पालखी आमच्या दारावरून पुढच्या वाडीला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी ठेवली. पेटी काकीच्या पडवीत टांगलेली. दादा आणि मी पेटीच्या पडद्यासमोर उभे. घरोघरी बटणं दिलेली. बाबा खाली बागेत, सगळ्यात दूर, पऱ्याच्या अंगाला. ठरलं होतं असं, की आधी बाबांनी बटण दाबायचं, मग पाच मिनिटांनी पुढच्या घरानं, असं करत वर यायचं.

बाबांनी बटण दाबलं. आणि सवय म्हणून, बटणाबरोबर तोंडानं कूकही घातली. शिमग्याचा उत्साह असेल, वाराही खाडीकडून होता, कूक चांगली वरपर्यंत आली. वाडीनं ती ऐकली. आणि कूक ऐकल्यावर जे करायचं ते वाडीनं केलं. फक्त आज प्रत्येकाच्या हातात बटण होतं, तेव्हा ओ बटणानं दिली. बाबांच्या बटणाचा निरोप पुरा व्हायच्या आत बाकीची सहाही बटणं एका दमात.

पडद्यावर नाव उठलं, काकीचं. पुन्हा काकीचं. मग पलीकडच्या घराचं, आणि परत काकीचं. बाबांचं नाव आलंच नाही.

कारण मला जागच्या जागी कळलं. काकी पेटीपासून चार पावलांवर होती, बाबा सगळ्यात लांब आणि खोलगट जागेत. बॅटरी वाचावी म्हणून मी माळा आखूड घेतल्या होत्या, दोघेतिघे एकदम बोलतील एवढंच धरून. आखूड माळा एकमेकींना पूर्ण मारत नाहीत, थोडं साम्य उरतंच. आणि जवळच्या काकीचं ते उरलंसुरलं साम्यही बाबांच्या खऱ्या आवाजापेक्षा मोठं होतं. आमच्या विषयात हा जुना रोग आहे. जवळचा लांबच्याला बुडवतो.

 दादानं पडद्याकडे पाहिलं आणि मग खाली बागेकडे पाहिलं. तो टोमणा मारता तर मी उलटून बोलले असते. त्या बघण्यानं मला जास्त लागलं.

मग मी सगळा राग काकीवर काढला. म्हटलं, पाच मिनिटं थांबायचं ठरलं होतं ना? बाबांनी दाबलं की बाकीच्यांनी दाबायचं नाही.

काकी चुलीपुढून उठून आली. "म्हंजे म्हातारा तिकडं कूक घालील, नि आमी बटान हातात धरून गप ऱ्हायाचं?"

"हो," मी म्हटलं.

"बरं दिसतंय काय ता?"

मी म्हटलं, बरं दिसण्याचा प्रश्न नाही, हा यंत्राचा प्रश्न आहे. काकीनं बटण तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. "मंग ठेव तुझं तुज्याजवल. ओ न देणारं बटान माज्या घरात नको." आणि आत गेली. पलीकडच्या घरच्या आजोबांनीही आपलं बटण आणून तिच्याशेजारी ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वाडीला शिस्त लावायला निघालेली मी हातात बटणं घेऊन खळ्यात उभी राहिले.

रत्नागिरीला परतताना सड्याच्या मोकळ्या कातळमाळावरून गाडी चालवत मी एकटीच बडबडत होते. काकीला, वाडीला, आडमुठेपणाला, सगळ्यांना बोलून झालं. चाफ्याच्या वळणाशी येईपर्यंत बोलायचं संपलं आणि मग वाईट वाटायला लागलं. मी वाडीकडे काय मागत होते? एका माणसाची हाक मला नीट ऐकू यावी म्हणून बाकीच्यांनी तिला उत्तर देऊ नये. बाबा मुंबईला का जात नव्हते? उत्तर येणार नाही म्हणून. म्हणजे त्यांना गावात ठेवण्यासाठी मी गावाचीच मुंबई करायला निघाले होते.

चूक वाडीची नव्हती, माझ्या गृहीतकाची होती. पुस्तकात सगळी यंत्रं आपापल्या मर्जीनं, कधीही बोलतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. त्यामुळे सगळी एकदम बोलण्याची वेळ फार क्वचित येते असं धरतात. आमच्याकडे एक बोलला की सगळे बोलणारच. तीच रीत. जी वेळ पुस्तकात क्वचित येते, ती वाडीत दर वेळी येणार.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओ बंद करायची नाही, ओ मोजूनच यंत्र करायचं. प्रत्येक घराला एकाऐवजी दोन कोड दिले, एक कुकेचा आणि एक ओचा. बटणं दोन, लाल कुकेचं, हिरवं ओचं. माळा लांब केल्या. लांब केल्या की बॅटरी लवकर संपते, निरोप पोचायला वेळ लागतो, म्हणून कितीही लांब करून चालत नाही. आणि कोडांची संख्या दुप्पट झाली की एकमेकांपासून सारखेच वेगळे राहणारे कोड मिळणं अवघड होतं. जेवायला बोलावलेल्या माणसांत एकाचंही एकाशी वाकडं नको म्हटलं तर पंगत लहानच ठेवावी लागते, तसं आहे ते. परीक्षांचे दिवस होते, प्रयोगशाळा रिकामी असायची. मी एकेक माळ घ्यायची, तिला बाकी सगळ्यांबरोबर सरकवून पाहायची, आणि बहुतेक वेळा टाकून द्यायची. सरासरी पाहायचं मी सोडून दिलं होतं. बाबांनी कूक घातली आहे, सहाही घरांनी त्याच क्षणी ओ दिली आहे, काकी पेटीला खेटून उभी आहे, असं धरायचं आणि त्यात बाबांची बेरीज वर येते का तेवढं पाहायचं. जी माळ तिथे टिकली ती ठेवली.

शिवाय काकीच्या बटणाचा जोर कमी केला. हे तिला आजतागायत सांगितलेलं नाही. काकीचा आवाज कमी केला असं वाडीत कळलं, तर तिचा माझ्यावरचा राग एकीकडे आणि बाकीच्यांचा आनंद एकीकडे.

आणखी एक गोष्ट केली. कुणाचीही ओ पेटीकडे आली की पेटी ती कूक घालणाऱ्याच्या बटणाकडे परत पाठवायची आणि त्यावरचा बारीक दिवा लुकलुकायचा. याची तांत्रिक गरज नव्हती. मला ते करावंसं वाटलं.

नवी बटणं घेऊन गेले तेव्हा काकीनं हिरवं बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, आणि म्हणाली, "ह्या बरा केलंस." तिच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

वैशाखात, आंबा उतरत आला असताना, एका सकाळी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. फोन वाजला. पडद्यावर लिहिलं होतं, कूक, बाबा.  त्यापाठोपाठ निरोप यायला लागले. ओ, काकी. ओ, पलीकडचे आजोबा. ओ, गडग्याच्या वादातलं एक घर, आणि लगेच दुसरं. सहाही ओ आल्या, एकमेकींवर चढून, आणि त्या सगळ्यांत बाबांचं नाव ठाम उभं होतं. ते एकदाही बुडालं नाही.

मी काकीला फोन लावला. ती धावता धावताच म्हणाली, "निगालो गो, निगालो." पुढे रेंज गेली.

बाबा गडग्याजवळ वाळक्या पाल्यावरून घसरले होते. खाली कातळ. खुब्याचं हाड मोडलं होतं. कूक घालायचा प्रयत्न त्यांनी केला, पण दुखण्यानं श्वासच लागेना, म्हणून लाल बटण दाबलं. काकीच्या पडवीत पेटीची घंटा वाजली, तिनं खळ्यात येऊन आमच्या घरच्या चालीची कूक घातली, आणि ती ऐकून घराघरांतून हिरवी बटणं दाबली गेली. माणसं खाट घेऊन उतरली, आंबे काढायला आलेले गडीही धावले, त्यांनी बाबांना वर रस्त्याला आणलं आणि तिथून रत्नागिरीला हॉस्पिटलमध्ये.

मी पोचले तेव्हा बाबा गुंगीत होते. मला पाहून म्हणाले, "दिवा लुकलुकला हो. एकसारखा. मग म्हटलं, आता पडून राहायला हरकत नाही."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात रडले. आनंदानं की कशानं, ते मला तेव्हाही कळलं नाही. कारण पुढचं मला तिथेच दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी ते संध्याकाळी बोलून दाखवलं. उतार नाही, पायऱ्या नाहीत, निदान वर्षभर, कदाचित कायमच. आमच्या वाडीत उतार आणि पायऱ्या सोडून दुसरं काही नाही. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादाकडे लिफ्ट होती, घरी येऊन व्यायाम करून घेणारा माणूस होता.

दादा आला. यंत्र चाललं तर बाबा राहतील, असं त्याचं वचन होतं. यंत्र चाललं होतं. तो शब्द आम्ही दोघांनीही काढला नाही. बाग कराराने दिली. निघताना बाबांनी बटण मागून घेतलं. दादा म्हणाला, "बाबा, तिथे याचा काही उपयोग नाही." बाबांनी ते शर्टाच्या खिशात घातलं.

नंतर मी फोन केला की बाबा म्हणायचे, "बरं आहे." जेवण? बरं आहे. पाय? बरं आहे. झोप? बरं आहे. वाडीची चौकशीही करायचे नाहीत. आयुष्यभर ज्या माणसानं माझं एकेक वाक्य खोडून काढलं, तो माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो आहे असं वाटायचं आणि मला धास्ती वाटायची. आम्ही त्यांना वाचवून त्यांच्यातलं काहीतरी तिथेच गडग्याजवळ सोडून आलो, असं वाटायचं.

दिवाळीच्या जरा आधी एका संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आज बाबांनी कूक घातली," तो म्हणाला. "गॅलरीत वॉकर धरून उभे होते. तिथून."

मी विचारलं, "पडले की काय?"

"नाही गो. अशीच घातली."

"लोक काय म्हणाले असतील."

"ते मला माहीत नाही. मी खाली होतो, ऑफिसातून आलो होतो, गाडी लावत होतो. गेटवर हॉर्न चाललेले, पोरांचं क्रिकेट, शेजारच्या इमारतीचं काम चालू, ड्रिल. त्यातनं एवढीशी आली. शेवट तर चढलाच नाही. पण आपली होती. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही मग."

 

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? ओ दिली." मग हसला. "तिथेच, गाडीच्या दारात उभा राहून. वॉचमन धावत आला. बाबांनी परत घातली. मी परत दिली. तुझ्या पेटीशिवाय ऐकू आलं हां, लिहून ठेव."

मी म्हटलं, फोन बाबांना दे.

बाबांनी फोन घेतला. मी नेहमीसारखंच विचारलं, कसं वाटतंय.

"बरं आहे," ते म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, "ओ येते इथं."